टीबी, साखरपुडा आणि वहिनीचं बाळ : कुणाला सांगायचं, कुणाला नाही?

पायपीट · सोमवार, रात्री १०:४०

मी सरकारी टीबी कार्यक्रमात फिल्डवर काम करतो. तालुका सांगत नाही, पदही सांगत नाही. थुंकीच्या डब्या, गोळ्यांची पाकिटं आणि निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरच्या नोंदी यांत दिवस जातो, उरलेला रस्त्यावर.

एक मुलगी आहे, विशीतली. दोन महिने खोकला, वजन उतरलेलं. बाहेर दोनदा अँटिबायोटिकचे कोर्स झाले. शेवटी बेडका आमच्याकडे आला, ट्रूनॅट या टीबीचा जंतू तपासणाऱ्या यंत्रावर पॉझिटिव्ह. जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा, म्हणजे साधा, सहा महिन्यांत बरा होणारा टीबी. औषध सुरू करायला ती एकटीच आली. मी पत्ता लिहायला घेतला तसा तिने माझ्या पेनावर हात ठेवला. अक्षरशः. म्हणाली, "दादा, घरी येऊ नका. साखरपुडा झालाय."

नियम असा की रुग्ण सापडला की घरभेट. घरातल्या प्रत्येकाची तपासणी, आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या. पूर्वी हे पाच वर्षांखालच्या मुलांपुरतं होतं, आता घरातल्या सगळ्यांना. आणि हिच्या घरात आईवडील, भाऊ, वहिनी आणि वहिनीचं आठ महिन्यांचं बाळ. बाळ आत्याशिवाय झोपत नाही म्हणे.

तिला त्याच दिवशी सांगितलं : मास्क, वेगळं झोपायचं, बाळाला जवळ घ्यायचं नाही. ती म्हणाली सर्दी झाली म्हणून सांगते.

आमच्यातला एक म्हणतो, पत्ता मामाचा लिही, तुझं काय जातंय. दुसरा म्हणतो, सरळ घरात जा, नोकरी आहे आपली. वरिष्ठांना सहवासितांची, म्हणजे रुग्णाच्या संपर्कातल्या माणसांची, यादी शून्य चालत नाही. ट्रेनिंगमध्ये नीतिमत्ता शिकवली होती, जेवणानंतर, सगळे पेंगत असताना. एका स्लाइडवर लिहिलं होतं 'रुग्णाची गोपनीयता राखा'. पुढच्या स्लाइडवर 'सर्व सहवासितांचा शोध घ्या'. दोन्हींच्या मधे काय करायचं ते कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

माझे प्रश्न दोन. बाळाच्या आईला सांगायचं का? आणि त्या नवऱ्या मुलाला?

---

डॉ_माळरान · सोमवार, रात्री ११:२५

बाळाचा प्रश्न मतामतांचा नाही. थुंकीत जंतू असलेल्या माणसाजवळ झोपणारं आठ महिन्यांचं बाळ म्हणजे आमच्या भाषेत लाल दिवा. मोठ्या माणसात जंतू वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतो, तान्ह्या बाळात तो काही आठवड्यांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बीसीजी लशीने गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण मिळतं, पूर्ण नाही. या आठवड्यात बाळाची तपासणी झालीच पाहिजे.

नवऱ्या मुलाचं वेगळं. जंतू औषधाला दाद देतोय आणि गोळ्या नियमित चालल्या तर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग देण्याची क्षमता खूपच घटते. लग्न कधी आहे?

आणि तिला दोन गोष्टी आत्ताच सांगा. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घामाने कपड्यालाही रंग लागतो. घरात कुणाच्या लक्षात आलं तर ती घाबरून गोळ्या बंद करेल. दुसरं, हे औषध चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. लग्न ठरलेल्या मुलीला हे कुणीच सांगत नाही, कारण विचारायला ती एकटी येते आणि समोर टेबलाशी चार पुरुष बसलेले असतात.

---

पायपीट · सोमवार, रात्री ११:४०

लग्न तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे अजून पाच महिने. गर्भनिरोधक गोळ्यांचं मलाच माहीत नव्हतं.

---

गल्लीनंबर४ · मंगळवार, सकाळी ७:०५

शेजाऱ्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. आमच्या मातोश्री ७१ वर्षांच्या, शुगर, दम्याचा पंप. शेजारच्या घराला भिंतीला भिंत. कुणाचा साखरपुडा टिकावा म्हणून माझ्या आईच्या फुप्फुसांवर जुगार खेळायचा का? करोनात दारावर बोर्ड लागले, होम क्वारंटाइनचे शिक्के हातावर मारले, तेव्हा ही गोपनीयता कुठे होती? साथीच्या रोगात एकाचा हक्क आणि शंभरांचा जीव यात कुठला मोठा, हे कळायला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही.

---

तत्त्वबोध · मंगळवार, सकाळी ९:३०

लागतं थोडंसं :)

शंभरांचा जीव मोठा, हा तुमचा युक्तिवाद उपयुक्ततावादी आहे. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. वाईट नाही, सार्वजनिक आरोग्याचा अर्धा डोलारा त्यावरच उभा आहे. पण त्याला एक अट असते : हिशेब खरा मांडायचा. गल्लीला नाव कळल्याने किती संसर्ग टळेल, आणि नाव फुटतं हे बघून पुढचे किती जण खोकला लपवतील, हे दोन्ही रकान्यांत लिहायचं. आपण पहिलाच रकाना भरतो.

तत्त्वज्ञ कांटच्या बाजूने बघितलं तर ती मुलगी साथ आटोक्यात आणायचं साधन नाही. ती स्वतः एक माणूस आहे, तिच्या गोष्टीवर पहिला अधिकार तिचा. इथवर ठीक. पण बाळही माणूसच आहे, आणि त्याला बोलता येत नाही.

दवाखान्यांच्या नीतिशास्त्रात बोशँप आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकनांनी १९७९ मध्ये चार तत्त्वं मांडली : स्वायत्तता, हित, अहित न करणं, न्याय. जगभर हीच शिकवतात. अडचण अशी की ती चारही जावा एकाच स्वयंपाकघरात असतात. थोरली कोण ते ठरवून दिलेलं नाही, दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. शिवाय ही मांडणी डॉक्टर आणि रुग्ण अशा दोघांच्या खोलीसाठी चांगली. पायपीट यांच्या खोलीत आत्ता सात माणसं आहेत, त्यातल्या सहांना आपण खोलीत आहोत हेच माहीत नाही.

---

निवडुंग · मंगळवार, सकाळी १०:१५

सर, छान लिहिलंत. मी ताटाबद्दल लिहिते.

मला टीबी झाला तेव्हा मी मामाकडे शिकायला होते. एकविसावं चालू होतं. माझ्या ताटाच्या मागे मामीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. वाटीच्या मागे, भांड्याच्या बुडाला. चमच्याला जागा नव्हती म्हणून चमच्याच्या दांड्याला दोरा. टीबी ताटवाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे सिस्टरनी मामीला दोनदा सांगितलं. ठिपका राहिला. सहा महिन्यांनी मी बरी झाले, थुंकी स्वच्छ, कागद हातात. तरी ठिपका राहिला. मामी वाईट बाई नव्हती. मला रोज अंडं उकडून द्यायची, त्याच ताटात.

त्या ठिपक्याला घाबरून मी पहिले दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, कॉलेजात शेवटच्या बाकावर बसून खोकत होते. गल्लीनंबर४, तुमच्या मातोश्रींना धोका कुणापासून होता, ठिपक्यानंतरच्या माझ्यापासून की आधीच्या?

---

डॉ_माळरान · मंगळवार, सकाळी १०:४०

निवडुंग यांच्या शेवटच्या ओळीखाली माझी सही. जो कळलाय आणि गोळ्या खातोय, त्याच्याकडून धोका सगळ्यात कमी. मद्रासला १९५६ पासून याचा रीतसर अभ्यास झाला. १९३ रुग्ण घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या वेगळ्या रुग्णालयात, ठेवलं, काहींना त्यांच्या कोंदट, गर्दीच्या घरातच गोळ्या दिल्या. बरे होण्यात फारसा फरक पडला नाही. घरच्यांवर पुढे काही वर्षं लक्ष ठेवलं, तर घरी उपचार घेतल्यामुळे त्यांच्यात आजार वाढला असंही दिसलं नाही. जो काही संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदान होण्याआधीच झालेला असतो. या कामानंतर जगभरची सॅनेटोरियमं हळूहळू रिकामी झाली.

तुमच्या आईंना मधुमेह आहे, म्हणजे त्यांना धोका जास्त हे खरंच. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या. त्यासाठी शेजारणीचं नाव कळायची गरज नाही.

---

मांडवीकाठ · मंगळवार, दुपारी १:००

सॅनेटोरियमचा विषय निघाला म्हणून आमच्या गोव्याची गोष्ट.

डॉमनिक डिसोझा. नियमित रक्तदान करणारा तरुण. १९८९ च्या फेब्रुवारीत १४ तारखेला पोलिसांनी त्याला उचललं. का, ते त्याला कुणी सांगेना. रक्तात एचआयव्ही सापडला होता आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद घातलेली होती. त्याला म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ठेवलं. बाहेर पहारा, ६४ दिवस. आपल्याला काय झालंय हे त्याला दारावरच्या पोलिसांच्या नंतर कळलं, असं म्हटलं तरी चालेल. आई लुसी डिसोझा कोर्टात गेल्या. तो बाहेर आला, पण मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैधच ठरवला : व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत टक्कर झाली तर समाजाचं हित वरचढ. म्हणजे गल्लीनंबर४ म्हणतात तेच, फक्त न्यायालयाच्या भाषेत.

एचआयव्ही हवेतून पसरत नाही. कोंडून कुणाचाही बचाव झाला नाही. आपल्या गावात पुन्हा उभं राहणं त्याला किती जड गेलं ते आमच्या पिढीने पाहिलं. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' संस्था उभी केली आणि त्याच वर्षी गेला.

अवांतर : धाग्यात ट्रूनॅटचा उल्लेख आला, ते यंत्र गोव्याच्या कंपनीचं. आमच्याकडून चांगल्या गोष्टीही येतात.

---

वकीलीणबाई · मंगळवार, दुपारी ३:२०

कायद्याचं थोडक्यात, सल्ला म्हणून घेऊ नये.

टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणं २०१२ पासून सक्तीचं आहे. २०१८ मध्ये न कळवणाऱ्या डॉक्टर-केमिस्टना शिक्षेची तंबीही आली. पण ही नोंद आरोग्य खात्याकडे जाते, गल्लीकडे नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

नवऱ्या मुलाला सांगण्याबद्दल : १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा 'मिस्टर एक्स'चा निकाल आहे. रक्तदानात एचआयव्ही सापडला, रुग्णालयाकडून बातमी फुटली, ठरलेलं लग्न मोडलं. तो भरपाई मागायला गेला. न्यायालय म्हणालं, होणाऱ्या बायकोच्या जिवाचा हक्क तुमच्या गोपनीयतेहून मोठा. त्याच निकालात अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दल जे लिहिलं गेलं ते २००२ मध्ये न्यायालयालाच बाजूला ठेवावं लागलं. मग २०१७ चा एचआयव्ही कायदा आला. त्यात जोडीदाराला कळवायची वाट आहे, पण तिला फाटकं किती : जोडीदाराला खरोखर मोठा धोका हवा, रुग्णाला आधी समुपदेशन हवं, तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री हवी, आणि मी कळवतोय हे रुग्णाला सांगायला हवं. तेही डॉक्टर किंवा समुपदेशकानेच.

हा कायदा टीबीचा नाही. पण त्याच फाटकांतून ही केस नेऊन बघा. लग्न पाच महिन्यांवर, संसर्ग दोन आठवड्यांत ओसरणार. पहिल्याच फाटकात अडकते.

लग्नाआधी महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून पुढे कुणी हिंदू विवाह कायद्याचं, लग्न रद्द करायचं कलम १२ काढू शकतं. किती टिकेल ते सोडा. तो निर्णय आणि ती जोखीम मुलीची. तिला समजावून सांगा. तुम्ही जाऊन सांगणं हे तुमचं कामच नाही.

---

अडगळ · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळे गोपनीयतेवर बोलताय. पायपीट, तुम्ही आत्ता केलंत ते काय? साखरपुडा, तुळशीचं लग्न, आठ महिन्यांचं बाळ, दोन अँटिबायोटिक. तिच्या गावातलं कुणी हा धागा वाचत असेल तर?

---

पायपीट · मंगळवार, संध्याकाळी ७:१०

वय, नाती आणि महिना मी बदलून लिहिलेत, लग्नही तुळशीच्या लग्नानंतर नाही. बाळ मात्र बाळच आहे, ते बदललं असतं तर प्रश्नच उरला नसता. तरी तुमचं बरोबर आहे. तिच्या कामाच्या ठिकाणाबद्दल दोन वाक्यं होती, ती काढायला सांगतोय.

---

व्यवस्थापक · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

धागालेखकाच्या विनंतीवरून मूळ लेखातली दोन वाक्यं काढली आहेत. सदस्यांनी गाव-तालुक्याचे अंदाज बांधू नयेत.

---

पायपीट · मंगळवार, रात्री ९:५०

विषय निघालाच आहे तर. गोपनीयता सगळ्यात जास्त कोण मोडतं सांगू? आमचेच कार्यक्रम. २०२२ पासून निक्षय मित्र योजना आहे, दानशूर लोक रुग्णाला पोषण आहाराचं किट देतात. डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ. चांगली गोष्ट, लोकांना खरंच लागते, सरकारचे महिना ५०० होते ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले तरी. पण किट देताना फोटो. मागे बॅनर, त्यावर 'क्षयरुग्ण' एवढ्या मोठ्या अक्षरात, पुढे किट धरून उभे असलेले सहा जण. मास्क लावलेला असतो, पण गावात डोळ्यांवरून, साडीवरून माणूस ओळखतात. फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर. एका आजोबांनी मला विचारलं, "फोटो नको असला तर डाळ मिळंल का?"

त्या दिवसापासून मी फोटो पाठमोरे काढतो. वरून फोन आला, चेहरे का दिसत नाहीत.

---

पुणे_ते_लीड्स · बुधवार, पहाटे २:१५

मी इकडे इंग्लंडात नर्स आहे. इथे टीबीचा रुग्ण उपचार सोडून फिरत असेल तर मॅजिस्ट्रेटकडून हुकूम आणून त्याला रुग्णालयात ठेवता येतं. पण हुकूम असला तरी बळजबरीने गोळी तोंडात घालता येत नाही. कोंडता येतं, पाजता येत नाही. मला पहिल्यांदा हे हास्यास्पद वाटलं होतं. आता वाटतं, कुठल्यातरी रेषेवर थांबायला हवं आणि ती रेष माणसाच्या ओठांपाशी आखलीय, हे ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची टीबीबद्दलची भूमिकाही अशीच : सक्तीने वेगळं ठेवणं हा शेवटचा उपाय, सक्तीचा उपचार नाहीच.

---

सुलभामावशी · बुधवार, सकाळी ८:००

मी बारा वर्षं आशा होते. एवढं काय अवघड आहे? पूर्ण वस्तीचा सर्व्हे काढायचा. घरोघरी जायचं, खोकला आहे का, वजन घटलं का, ताप येतो का. त्या घरातही जायचं. कुणाला संशय येत नाही. आम्ही असंच करायचो.

---

तत्त्वबोध · बुधवार, सकाळी ९:१०

मावशी, पण ते खोटं झालं. सर्व्हेच्या नावाखाली एकाच घरासाठी जायचं. एकदा उघडकीला आलं की पुढचा खरा सर्व्हेही लोक खोटाच समजतील. कांटबाबांचा नियम इथे अगदी व्यवहाराचा आहे : सगळेच आरोग्य कर्मचारी असं करायला लागले तर 'सर्व्हे' या शब्दाला दार उघडेल का?

---

सुलभामावशी · बुधवार, सकाळी ९:२५

खोटं कशाला? खरोखरीच सगळ्या घरांत जायचं. बारा घरं तर असतात गल्लीत. पाय दुखतील एवढंच.

---

तत्त्वबोध · बुधवार, सकाळी ९:२८

दंडवत. खोट्याला खरं करून टाकायचा हा मार्ग आमच्या अभ्यासक्रमात नाही.

---

निवडुंग · बुधवार, सकाळी ११:००

मावशींच्या युक्तीने दार उघडेल. पण पुढे? समजा बाळ तपासलं, बाळ ठणठणीत. आता त्या ठणठणीत बाळाला तुम्ही सहा महिने रोज गोळी द्या म्हणणार. आई विचारेल, कशासाठी? त्याला काय झालंय? तेव्हा काय सांगणार, सर्व्हेत निघालं?

मी आई आहे. कारण न सांगता माझ्या लेकीच्या तोंडात कुणी गोळी घालायला आलं तर मी हात झटकेन. आणि खोटं कारण सांगून घातली आणि नंतर कळलं, तर मी त्या माणसाला आयुष्यात माफ करणार नाही. मी टीबीतून गेलेली असूनही.

---

डॉ_माळरान · बुधवार, सकाळी ११:२०

हा खरा गुंता आहे, आणि तो माझ्या पहिल्या प्रतिसादात मला दिसला नव्हता. दुखत असेल तर माणूस न विचारता गोळी घेतो. काहीच होत नसताना सहा महिने गोळी द्यायची तर ती देणाऱ्या बाईला खरं कारण माहीत हवं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. संमती हा तिचा हक्क आहेच, त्यावर औषधही चालतं. आयसोनायझिडने, म्हणजे या प्रतिबंधक गोळीने, क्वचित यकृतावर परिणाम होतो. बाळ खाईनासं झालं, डोळे पिवळे दिसले तर ते कशामुळे हे तिला ओळखता आलं पाहिजे.

म्हणजे वहिनीला सांगावं लागणार. गल्लीला नाही, नवऱ्या मुलाला नाही, सासूलाही बहुधा नाही.

---

वकीलीणबाई · बुधवार, सकाळी ११:४५

+१. ज्याला त्या माहितीचं काही करायचंय, त्याला तेवढी माहिती. फक्त ती मुलीने स्वतः सांगितली तर उत्तम.

---

गल्लीनंबर४ · बुधवार, दुपारी १२:३०

आणि मुलगी नाही म्हणाली तर?

---

तत्त्वबोध · बुधवार, दुपारी १२:५०

तर बाळासाठी तिची इच्छा मोडावी लागेल, असं मला वाटतं. तत्त्वज्ञ मिल हा स्वातंत्र्याचा सगळ्यात मोठा वकील, त्यानेही १८५९ मध्ये रेष इथेच आखली होती : दुसऱ्याला इजा होत असेल तिथे. पण मोडायचं तर आधी तिला सांगून. अमुक दिवशी मी येणार, फक्त तुझ्या वहिनीशी बोलणार, तोवर तू सांगितलंस तर मला बोलावंच लागणार नाही. पाठीमागून नाही. दोन्हींत बाहेर पडणारी माहिती तीच, पण मुलीला काय वाटेल ते फार वेगळं.

---

अडगळ · बुधवार, दुपारी १:०५

मुदत किती द्यायची, सर? मिलने दिवस सांगितलेत का?

---

पायपीट · पुढचा रविवार, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

गुरुवारी ती गोळ्यांच्या निमित्ताने आली. सिस्टरना बसवलं, मी बाहेर थांबलो. लघवीचा रंग, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं सिस्टरनी सांगितलं. मग मी आत जाऊन विचारलं, घरात एकालाच सांगायचं असेल तर कुणाला सांगशील? मला वाटलं आईचं नाव घेईल. ती म्हणाली वहिनी. आई रडेल आणि रडताना शेजारणीला सांगेल.

मी म्हटलं, रविवारपर्यंत तू सांग. नाही जमलं तर रविवारी मी आणि आशाताई येतो, वहिनीशी एकटीशी बोलतो. ती बराच वेळ मास्कची दोरी पिळत बसली. मग म्हणाली, येताना ती पिशवी आणू नका. आमच्या पिशवीवर कार्यक्रमाचं नाव आहे.

शुक्रवार-शनिवार आम्ही गल्ली केली. मावशी, बारा नाही, सतरा घरं निघाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खोकला संशयास्पद वाटला, थुंकी घेतली, निगेटिव्ह. तिच्या घरातल्या मोठ्यांचीही विचारपूस त्यातच झाली. वडिलांना खोकला आहे, विडीचा की कसला ते एक्स-रेवर कळेल.

आज सकाळी गेलो, साध्या शर्टात, प्लास्टिकच्या पिशवीत सगळं घालून. तिने शनिवारी रात्री वहिनीला सांगितलं होतं. वहिनी परसात उभी होती, बाळ कडेवर. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी तारीख सांगितली.

"म्हणजे आठ दिवस. आठ दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि माझं पोरगं तिच्या अंगावर खेळत होतं."

मी सांगायला गेलो की मास्क, वेगळं झोपणं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "सर्दी म्हणून सांगितलं होतं. सर्दीला कोण आठ दिवस पोरगं लांब ठेवतं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

---

गल्लीनंबर४ · रविवार, रात्री १०:५०

बाई बरोबर बोलली.

---

निवडुंग · रविवार, रात्री ११:०५

हो. बरोबरच बोलली. डॉक्टर आठवडा म्हणाले होते, ते आपल्याला सगळ्यांना पुरेसं घाईचं वाटलं. बाळ आपल्यापैकी कुणाचं नव्हतं म्हणून.

बाळाची तपासणी?

---

पायपीट · रविवार, रात्री ११:२०

दुपारीच तालुक्याला नेलं. वहिनीबरोबर तिचा नवरा आला, त्याला तिने वाटेत सांगितलं. मी त्याबद्दल काही बोललो नाही, ते तिचं घर. एक्स-रे स्वच्छ, ताप नाही, वजन वयाला साजेसं. वजनावरून डोस काढून गोळ्या सुरू केल्या. भाऊ स्वतः गोळी घ्यायला तयार नाही, मला काही झालेलं नाही म्हणतो. त्याच्याशी पुन्हा बोलेन. नवऱ्या मुलाचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही.

वहिनी माझ्याशी धड बोलत नाहीये, पण पहिला डोस तिने माझ्यासमोर दिला. उद्यापासून गोळी चुरून मधातून चाटवते म्हणाली, म्हणजे थुंकणार नाही.

---

डॉ_माळरान · रविवार, रात्री ११:२४

मध नाही! वर्षाच्या आत बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात, नाहीतर आईच्या दुधात विरघळवा. आत्ता फोन करा.

---

पायपीट · रविवार, रात्री ११:३१

केला. वहिनीनेच उचलला.